मधमाशी, टोळ आणि गाडीचा ब्रेक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी स्वतःहून ब्रेक मारते याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण हा विषय निघाला की प्रश्न हमखास प्राण्यांकडे वळतात. रडार वटवाघळावरून काढलं ना? मुंग्यांना ट्रॅफिक जॅम होत नाही हे खरं का? माशी कधी हाताला सापडत नाही, मग एवढ्या महागड्या गाडीला ते का जमू नये? अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषय मला आवडतात.

मोटार कंपन्या मधमाशीच्या नादी कधी लागल्या?

ठळक उदाहरण २००८ सालचं. जपानमध्ये सिएटेक नावाचं इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन भरतं. त्या वर्षी निस्साननं तिथे बीआर२३सी नावाचा चाकांवर चालणारा छोटा रोबो मांडला. टोकियो विद्यापीठाच्या साथीनं तो बनवला होता आणि त्यामागची प्रेरणा होती बंबलबी. निस्सानचं म्हणणं असं होतं : या माशीला तिच्या संयुक्त डोळ्यांमुळे ३०० अंशांहून जास्त दिसतं. उडताना ती स्वतःभोवती मोकळ्या जागेचं एक कडं राखते, आणि त्या कड्यात काही शिरलं की क्षणात वळते. रोबोत डोळ्यांच्या जागी लेझरनं अंतर मोजणारं यंत्र होतं. समोरच्या अर्धवर्तुळात दोन मीटरपर्यंत काय आहे ते बघायचं, आणि काही आडवं आलंच तर चाकं काटकोनात किंवा त्याहूनही जास्त वळवून बाजूला सटकायचं, एवढंच त्याचं काम.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या रोबोला जवळजवळ काही आठवावं लागत नव्हतं. मघाशी भिंत कुठे होती, पुढे कुठे असेल, याचा नकाशा नाही. आत्ता समोर काय आहे आणि आत्ता कुठे वळायचं, बस्स.

मग ती गाडी बाजारात आली का?

नाही. आणि येणारही नव्हती, हे साध्या गुणाकार-भागाकारानं कळतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. दोन मीटरवरचा अडथळा दिसून गाडी त्यावर आदळेपर्यंत सेकंदाचा आठवा भागसुद्धा मिळत नाही. शिवाय माशी काटकोनात वळू शकते. दीड टनाची गाडी ताशी ६० नं पळताना काटकोनात वळत नाही, उलटते.

निस्साननं २०१६ मध्ये जपानमधल्या सेरेना गाडीत प्रोपायलट नावाची यंत्रणा दिली. तिचा मुख्य आधार होता समोरच्या काचेमागचा एक कॅमेरा. त्यात माशी शोधायला गेलात तर सापडणार नाही.

बंबलबी म्हणजे आपला भुंगा का?

नाही. आपल्याकडे वाशात किंवा बांबूत भोक पाडून घर करणारा काळा भुंगा असतो, त्याला इंग्रजीत सुतारमाशी म्हणतात. बंबलबी ही थंड हवेतली केसाळ माशी. भारतात ती मुख्यतः हिमालयात सापडते. सह्याद्रीत तिची वाट बघू नका.

एवढ्याशा डोक्यात माशी अंतर मोजते तरी कशी?

अंतर ती आपल्यासारखं मोजतच नाही. आपले दोन डोळे एकमेकांपासून लांब आहेत, दोन्हींना किंचित वेगळं चित्र दिसतं, त्या फरकावरून मेंदूला खोली कळते. मधमाशीचे डोळे त्या कामासाठी फार जवळ आहेत. मग ती वेग बघते.

एसटीच्या खिडकीत बसून बाहेर पाहा. कडेचा मैलाचा दगड सर्रकन मागे जातो, शेतातलं झाड जरा सावकाश जातं, आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबरच येतोय असं वाटतं. जवळचं ते वेगानं सरकतं, लांबचं हळू. माशीला एवढं पुरतं. मंड्यम श्रीनिवासन हे बंगळूरला शिकलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियात काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९८० च्या दशकाअखेरीपासून सहकाऱ्यांसह मधमाश्यांना पट्टेदार भिंतींच्या बोळातून उडायला लावलं. माश्या बरोब्बर मधून जात. मग त्यांनी एका बाजूची भिंत माशीच्या दिशेनंच सरकवली. त्या बाजूचे पट्टे आता हळू सरकताना दिसू लागले, आणि माशी त्या भिंतीकडे झुकली. कारण तिच्या हिशेबानं ती भिंत लांब गेली होती. म्हणजे "दोन्ही बाजूंचा पसारा सारख्या वेगानं मागे जाऊ दे" हा एकच नियम पाळून माशी बोळ पार करते.

उतरतानाही तिची युक्ती तशीच. जमीन डोळ्यात एकाच वेगानं सरकत राहील असा स्वतःचा वेग कमी करत आणायचा. जमीन जवळ येते तसा वेग आपोआप कमी होतो आणि टेकताना जवळपास शून्यावर येतो. या प्रयोगांचा उपयोग पुढे छोट्या उडत्या यंत्रांना झाला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये मार्सेयला निकोलस फ्रांसेशिनी यांनी घरमाशीच्या डोळ्यावरून खांबांच्या गर्दीतून वाट काढणारा चाकांचा रोबो बनवला होता. गाड्यांना हा बोळाचा नियम फारसा लागत नाही, कारण रस्त्यावर मधोमध जाणं हाच गुन्हा.

टोळाला सिनेमा दाखवला होता म्हणे?

हो, आणि त्याबद्दल २००५ सालचं इग्नोबेल शांतता पारितोषिकही (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते) मिळालं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या क्लेअर रिंड आणि पीटर सिमन्स यांनी टोळाच्या मेंदूतल्या एका पेशीला तार लावली आणि त्याला 'स्टार वॉर्स'मधली निवडक दृश्यं दाखवली. हसू येतं खरं, पण निवड चोख होती : त्या चित्रपटात यानं सरळ प्रेक्षकाच्या अंगावर येतात.

"अंगावर येणं" हा आपला शब्दप्रयोग इथे इतका नेमका बसतो की पुढे तोच वापरतो.

टोळाच्या प्रत्येक डोळ्यामागे एक मोठी चेतापेशी असते. सगळ्या डोळ्याकडून आलेली खबर ती एकटी गोळा करते. तिची ओळख १९७० च्या दशकापासून होती, पण ती हलणाऱ्या कुठल्याही वस्तूची दखल घेते असाच समज होता. रिंड आणि सिमन्स यांनी १९९२ मध्ये दाखवलं की तिचा खरा कल अंगावर येणाऱ्या वस्तूकडे आहे. वस्तू आडवी निघून गेली तर ती थोडी कुरकुरते, लांब जात असेल तर लगेच गप्प बसते. पण सरळ चालून येत असेल तर तिचे संदेश वाढत वाढत जातात. तिथून ते दुसऱ्या पेशीमार्फत छातीकडे, पंखांच्या आणि पायांच्या स्नायूंना हलवणाऱ्या भागाकडे जातात आणि टोळ उडी मारतो किंवा उडता उडता वळतो.

जवळ येणारं आणि लांब जाणारं यांतला फरक ती पेशी ओळखते तो एका शर्यतीतून. वस्तूच्या कडा डोळ्यावर सरकल्या की त्या जागी उत्तेजना होते. त्याच वेळी आजूबाजूला दाबणारा संदेशही पसरतो, पण तो जरा उशिरा पोचतो. अंगावर येणाऱ्या वस्तूच्या कडा अधिकाधिक वेगानं बाहेर पळतात, दाबणाऱ्या संदेशाला हुकवतात आणि उत्तेजना जिंकते. बाकी वेळी दाब जिंकतो. कुठेही "हे काय आहे" हा प्रश्न येत नाही. कावळा की दगड की यान, टोळाला कर्तव्य नाही.

विदर्भातल्या वाचकांना टोळ वेगळ्या कारणानं आठवतील. २०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत टोळधाड आली होती. हजारोंच्या संख्येनं दाटीवाटीनं उडणारे ते कीटक एकमेकांवर आदळून खाली का पडत नाहीत, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नसेल. पिकाची काळजी मोठी होती.

यात गणित किती आहे?

भागाकाराइतकं. एडिनबरोचे डेव्हिड ली यांनी १९७६ मध्ये मांडलं की ब्रेक कधी मारायचा हे ठरवायला चालकाला ना अंतर माहीत असावं लागतं, ना वेग. समोरच्या गाडीचं चित्र डोळ्यात किती मोठं आहे, त्याला ते किती वेगानं वाढतंय यानं भागलं की धडकेला किती वेळ उरला ते मिळतं. समजा, अर्ध्या सेकंदात समोरच्या ट्रकचं चित्र दहा टक्क्यांनी मोठं झालं. दोघांचे वेग असेच राहिले तर तुमच्याकडे पाच सेकंद आहेत. ट्रक किती रुंद, किती लांब, काही विचारू नका. उत्तर तेच.

मेख अशी की लांब असताना चित्र फार हळू वाढतं. अडीच मीटर रुंदीचा ट्रक १०० मीटरवर साधारण दीड अंशाचा दिसतो, ५० मीटरवर तीन अंशांपेक्षा थोडा कमी, २५ वर पावणेसहा, आणि १० मीटरवर चौदा. आधीचे पन्नास मीटर डोळ्याला जवळजवळ काहीच घडत नाही आणि शेवटी सगळं एकदम होतं. रात्री महामार्गावर बंद पडलेल्या ट्रकवर मागून गाडी आदळते त्यातला एक भाग हा आहे. "अचानक समोर आला" असं माणूस सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. ट्रक कधीचा तिथेच होता. तो अंगावर यायला लागला तो मात्र खरोखरच अचानक.

मग प्रत्येक गाडीत एक टोळ का बसवत नाहीत?

बसवून पाहिला आहे. युरोपीय संघाच्या पैशानं याच कामासाठी एक प्रकल्प झाला, त्यात व्होल्वोचाही सहभाग होता. रिंड, शिगांग युए आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये टोळाच्या पेशीचं संगणकी रूप रस्त्यावरच्या चित्रणावर चालवून दाखवलं. धडक ती ओळखत होती. अडचण धडक नसतानाची होती.

टोळ आकाशात असतो. त्याच्यासमोर जे वाढतं ते बहुतेक वेळा शत्रूच असतं. रस्त्यावर सगळंच वाढत असतं. कडेची झाडं वाढतात, वरचा दिशादर्शक फलक वाढतो, समोरून आपल्या बाजूनं शहाण्यासारखी येणारी गाडीही वाढते. वळण घेतलं की आख्खं जग डोळ्यावर सरकतं. डोळाभर काही हललं की पेशीला गप्प करण्याची सोय टोळाकडे असते आणि ती नकलेतही घातली होती, पण गाडीसाठी तिच्या सगळ्या कळा नव्यानं जुळवाव्या लागल्या. खोटा ब्रेक ही किरकोळ चूक नसते. विनाकारण गचकन थांबलेल्या गाडीला मागचा ठोकतो.

हे काम थांबलेलं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या सप्तर्षी दास यांच्या गटानं २०२० मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या अतिपातळ थरातून टोळाच्या पेशीसारखं वागणारं उपकरण बनवलं. जिथे प्रकाश पडतो तिथेच निर्णय होतो आणि ऊर्जा लागते ती मोजक्या नॅनोज्यूल. गाडीच्या बॅटरीला असली काटकसर हवीच असते असं नाही, पण चिमूटभर बॅटरीवर उडणाऱ्या ड्रोनला ती फार मोलाची.

सध्याच्या गाड्या मग कशावर चालतात?

समोर बहुतेक वेळा एक कॅमेरा आणि ७७ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालणारं रडार. अंतर आणि जवळ येण्याचा वेग रडार थेट सांगतं. समोर काय आहे हे कॅमेऱ्यामागचा संगणक ओळखतो : माणूस, दुचाकी, ट्रक. दोन्ही जुळले की आधी इशारा आणि मग ब्रेक.

म्हणजे कीटक आणि गाडी यांनी उलट्या टोकांनी सुरुवात केली. कीटकाला आधी "येतंय" हे कळतं, "काय येतंय" हे कधीच कळत नाही. गाडीला "काय" शिकवण्यात आम्ही सगळी हुशारी ओतली. त्याची किंमत १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतल्या टेंपी शहरात दिसली. उबरची चाचणीवरची स्वयंचलित गाडी सायकल हातानं ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईवर आदळली आणि ती बाई गेली. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निघालं की यंत्रणेला समोर काहीतरी असल्याचं सुमारे ५.६ सेकंद आधीच कळलं होतं. पण ते कधी वाहन ठरलं, कधी "इतर काही", कधी सायकल. आणि दर वेळी नाव बदललं की आधी ते कुठून कुठे सरकत होतं याची नोंद पुसली जात होती, म्हणून ते कुठे निघालंय याचा अंदाजच बांधता आला नाही. चालकाच्या जागेवरच्या व्यक्तीचंही लक्ष रस्त्यावर नव्हतं, तो भाग वेगळा.

टोळानं तिला वाचवलं असतं, असं मात्र म्हणणार नाही. आडवं चालणारं माणूस सुरुवातीला अंगावर येत नाही, आडवं जातं. पण नाव ठरेना म्हणून हालचाल विसरून जाणं, ही चूक कुठल्याही कीटकाच्या हातून होण्यासारखी नाही. त्याला नावंच माहीत नाहीत.

रडार वटवाघळावरून काढलं ना?

नाही. हा समज इतका पक्का आहे की शाळेतसुद्धा सांगतात, पण तारखाच जुळत नाहीत. जर्मनीच्या क्रिस्टियान ह्युल्समायर यांनी रेडिओ लहरींनी लांबचं जहाज ओळखणारं यंत्र १९०४ मध्ये दाखवलं, तेही जहाजांची टक्कर टाळण्यासाठीच. वटवाघूळ प्रतिध्वनीवर चालतं हे डोनल्ड ग्रिफिन यांनी अमेरिकेत सिद्ध केलं ते १९३८ नंतर. त्याला आजचं शास्त्रीय नाव दिलं १९४४ मध्ये. तोवर रडार युद्धात काम करत होतं.

त्याआधी कुणाला संशय आला नव्हता असं नाही. इटलीत स्पालान्झानी यांनी १७९० च्या दशकात पाहिलं होतं की आंधळं केलेलं वटवाघूळ खोलीत बिनधास्त फिरतं, आणि जिनिव्हाच्या झ्युरीन यांना आढळलं की कान बंद केले की ते धडपडतं. न ऐकू येणारा आवाजही असतो हे कुणाला पटण्यासारखं नव्हतं, त्यामुळे गोष्ट तिथेच राहिली.

मध्ये एक प्रकरण मात्र खरोखरच वटवाघळावरून सुचलेलं आहे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर मशीनगनवाले हायरम मॅक्सिम यांनी सुचवलं की जहाजावरून खोल आवाजाच्या लहरी सोडाव्यात आणि हिमनगावरून आलेला प्रतिध्वनी टिपावा. कल्पना फार चांगली. वटवाघळाबद्दलची समजूत चुकीची : त्यांना वाटलं वटवाघूळ पंखांच्या फडफडीच्या खालच्या आवाजावर चालतं. खरं तर ते आपल्या कानापलीकडच्या उंच स्वरात ओरडतं.

आणि रिव्हर्स घेताना टुं-टुं वाजतं ते?

त्याचं तत्त्व वटवाघळाचंच. बंपरमधल्या चकत्या साधारण ४० किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीचा वेळ मोजतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक मीटरवरून परत यायला जेमतेम सहा मिलिसेकंद. असा उंच आवाज हवेत लवकर विरतो, म्हणून दोन-चार मीटरपलीकडे त्याचा उपयोग नाही. पार्किंगला तेवढं पुरतं.

वटवाघूळ याच साधनानं उडता डास पकडतं, आणि माझ्या गाडीला आमच्या सोसायटीतला नळाएवढा बारीक खांब दिसला नाही. बारीक गोल वस्तूवरून परत येणारा आवाज क्षीण असतो आणि बंपरला ठरावीक तीन-चार ठिकाणीच कान असतात. वटवाघूळ कान हलवतं, डोकं वळवतं, लक्ष्य जवळ आलं की चीत्कारांचा वेग वाढवत नेतं. बंपरला मान नाही. तेल अवीव विद्यापीठात २०१८ मध्ये एक तोंड आणि दोन कान असलेला रोबो बनवला गेला. तो केवळ आवाजावर अनोळखी बागेतून वाट काढत गेला आणि झाड कोणतं, नुसता अडथळा कोणता, याचा अंदाजही करत गेला.

अंधारात, धुक्यात कोणता प्राणी उपयोगी?

डास. २०२० मध्ये इंग्लंड आणि जपानच्या संशोधकांनी दाखवलं की क्युलेक्स जातीच्या डासाला पंखांखालून जाणाऱ्या हवेच्या झोतातल्या बदलावरून जमीन किंवा भिंत जवळ आल्याचं कळतं. त्यावरून छोट्या ड्रोनला संवेदक बसवला. घाटातल्या धुक्यात गाडीला याचा काहीही उपयोग नाही. तिथे रडार आणि कमी वेग.

माशांचा थवा कधी एकमेकांवर आदळत नाही. गाड्यांना तसं चालता येईल?

निस्साननं तेही करून पाहिलं. मधमाशीनंतर वर्षभरानं, २००९ मध्ये, एपोरो नावाच्या गुडघ्याएवढ्या रोबोंचा घोळका त्यांनी आणला. त्यांना तीन नियम दिले होते. फार जवळ आलात तर टाळा. ठीक अंतरावर असाल तर शेजाऱ्याच्या वेगानं, त्याच्या बाजूनं चाला. लांब पडलात तर जवळ या. माशांच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ असते (मासळी बाजारात जिताड्याच्या अंगावर ठळक दिसते) तिच्यावर पाण्याचा दाब टिपणाऱ्या पेशी असतात आणि शेजारी सरकला की लगेच कळतं. एपोरोत रेघेचं आणि डोळ्याचं काम लेझर आणि रेडिओ संपर्क यांनी केलं.

असल्या तीन नियमांवर पडद्यावर पक्ष्यांचे थवे उडवणं क्रेग रेनल्ड्स यांनी १९८७ मध्येच करून दाखवलं होतं. पुढे २००८ मध्ये रोमच्या आकाशातल्या साळुंकीच्या नातलगांचे, म्हणजे स्टार्लिंगचे, थवे मोजून इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी सांगितलं की प्रत्येक पक्षी किती अंतरावर कोण आहे हे बघत नाही. जवळचे सहा-सात शेजारी, मग ते कितीही लांब असोत, तेवढेच सांभाळतो.

रस्त्यावर अडतं ते एकाच कारणानं. थव्यात सगळे मासे एकच नियम पाळतात. आपल्या रस्त्यावर एक गाडी इतर गाड्यांशी रेडिओवरून बोलणारी, नऊ न बोलणाऱ्या, आणि मधून उलट्या दिशेनं येणारा एक स्कूटरवाला, असा थवा असतो.

मुंग्यांना ट्रॅफिक जॅम होत नाही, खरं?

बऱ्याच अंशी खरं. आयआयटी कानपूरचे देबाशीष चौधुरी आणि त्यांचे जर्मन-जपानी सहकारी यांनी २००९ मध्ये रांगेतल्या मुंग्या मोजून सांगितलं की गर्दी वाढली तरी त्यांचा वेग जवळपास तोच राहतो. फ्रान्समध्ये तुलूझच्या ओद्रे द्युसुतूर यांच्या गटानं २०१९ मध्ये पुलावर मुंग्यांची दाटी करत नेली. ८० टक्के जागा व्यापली तरी वाहतूक चालूच होती. माणसांची गर्दी त्याच्या निम्म्यावरच अडखळायला लागते. फार दाटी झाली की नव्या मुंग्या पुलावर शिरायच्याच थांबतात.

त्यांना आपापल्या घरी लवकर पोचायचं नसतं, हेही लक्षात घ्या. आख्ख्या वारुळाचं एकच घर.

दोन पक्षी समोरासमोर आले तर बाजू कोण देतो?

आपल्याकडे ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात त्या ऑस्ट्रेलियन बजरीगर पोपटांवर श्रीनिवासन यांच्याच गटानं २०१६ मध्ये हे तपासलं. बोगद्याच्या दोन टोकांकडून एकेक पक्षी सोडला. शंभराहून जास्त वेळा, आणि एकदाही टक्कर नाही. दोघंही आपापल्या उजवीकडे झुकत, आणि बरेचदा एक वरून तर एक खालून जाई. "मी डावीकडे, तो डावीकडे, पुन्हा मी उजवीकडे" हा बोळातला नाच त्यांच्यात होत नाही. नियम एकच असला की विचारावं लागत नाही.

टक्कर टाळूच नये, असं सांगणारा एखादा प्राणी आहे?

झुरळ! मुंबईच्या आयआयटीतून शिकून अमेरिकेत गेलेले कौशिक जयराम आणि बर्कलेचे रॉबर्ट फुल यांनी २०१८ मध्ये दाखवलं की पूर्ण वेगात धावणारं झुरळ भिंत आली म्हणून ब्रेक लावत नाही. ते डोकं आपटतं, त्या धक्क्याचाच उपयोग करून अंग उभं करतं आणि भिंत चढायला लागतं. वेळेत फारसा फरकही पडत नाही. बंबलबीसुद्धा, जिच्यावरून टक्कर टाळणारी गाडी निघाली, ती फुलांवर फिरताना पानांवर पंख आपटत असते. वय वाढतं तशा तिच्या पंखांच्या कडा फाटत जातात.

हे परवडतं ते वजन नाही म्हणून. वेग १०० वरून ६० वर आणला तर गाडीची गतिज ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पटीनं कमी होते, तरीही ती उरलेली ऊर्जा माणसाचा जीव घ्यायला पुरेशी असते. प्राण्याची युक्ती उचलताना त्याचं वजनही विचारून घ्यावं. छोट्या बचाव रोबोंना झुरळाचा मार्ग चालतो, गाड्यांना नाही.

गाय आडवी आली तर गाडी ओळखेल का?

सांगता येत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ज्या रस्त्यांवर चाचणी झाली ते रस्ते कुठले, हे विचारा. व्होल्वोची मोठे प्राणी ओळखणारी यंत्रणा स्वीडनमधल्या सांबरासारख्या मूसवर तयार झाली. ऑस्ट्रेलियात नेल्यावर कांगारूंनी तिला चकवलं, हे कंपनीनं स्वतः २०१७ मध्ये सांगितलं. प्राणी किती लांब आहे ते ठरवायला यंत्रणा त्याच्या पायाखालची जमीन बघत होती. कांगारू हवेत असला की लांब वाटायचा, टेकला की जवळ.

आपल्या रस्त्यावर म्हैस बसलेली असते, उसाची बैलगाडी मागून दिवा नसलेली असते, आणि ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावलेल्या असतात. आकार ओळखायला शिकलेल्या यंत्राला यातलं प्रत्येक वेगळं शिकवावं लागतं. इथे मला टोळ पुन्हा आठवतो. काय आहे ते नाही कळलं तरी चालेल, वाढतंय ना?

हे सगळं भारतात मिळतं का?

१ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या कारमध्ये मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. आपोआप ब्रेक २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टरमध्ये आणि २०२१ मध्ये चाकणला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही७०० मध्ये आला आणि मग झपाट्यानं पसरला. युरोपात नव्या कारना तो जुलै २०२४ पासून बंधनकारक आहे; अमेरिकेनं २०२४ मध्ये केलेल्या नियमात सप्टेंबर २०२९ ची मुदत दिली आहे. घेताना त्या गाडीत ही सोय कोणत्या वेगापर्यंत चालते आणि पादचारी, दुचाकी ओळखते का, एवढं पुस्तिकेत वाचून घ्या. विक्रेत्याला विचारू नका, तो "सगळं ओळखते" म्हणेल.

मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी यातलं काही करता येईल?

येईल, आणि रोबो विकत न घेता. दोरीला चेंडू टांगा. चेंडू मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे झोका घेईल असा, थोडा बाजूनं सोडा आणि चित्रीकरण करा. एकेक चित्र थांबवून पडद्यावर चेंडूचा व्यास पट्टीनं मोजायचा, पाच-सहा चित्रांमागे एकदा. व्यासाला वाढीच्या वेगानं भागायचं, आणि चेंडू कॅमेऱ्याजवळ पोचायला खरोखर किती वेळ लागला त्याच्याशी ताडून पाहायचं. झोक्यात वेग बदलत राहतो, त्यामुळे सुरुवातीचे आकडे चुकतील, खालच्या टप्प्यातले बरेच जुळतील. मग चेंडू मागे परततानाचं चित्रीकरण मोजायला घ्यायचं. तिथे उत्तर उणे येतं. ते का येतं, हे तिला तिचं तिला सांगू द्या.